'फोर्क करा'ला मराठीत काय म्हणाल?

पाऊलवाट: एका मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना पाहता-बदलता येतो अशा) प्रकल्पाची नवख्यांसाठीची पुस्तिका मराठीत आणतेय. 'आधी रेपॉझिटरी फोर्क करा' इथे गाडं अडलंय. रेपॉझिटरी म्हणजे प्रकल्पाच्या फायलींचा साठा, आणि फोर्क म्हणजे मूळ तसाच ठेवून त्यातून आपला वेगळा साठा काढणं. 'शाखा' ब्रँचसाठी, म्हणजे त्याच साठ्यातल्या समांतर कामासाठी, वापरून झालाय. मी 'फाटा काढा' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी खोडलं. म्हणे, फाटा देणं म्हणजे वगळणं. पण रस्त्याला फाटा फुटला म्हणून मूळ रस्ता बंद पडतो का?

सह्यकडा: फाटाच ठेवा. कालव्याला फाटे काढतातच की. 'देणे' आणि 'काढणे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मोडीवाचक: आधी अर्थ दोन आहेत हे बघा. २०१० साली ओपनऑफिस या सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस हे स्वतंत्र सॉफ्टवेअर निघालं, ती वेगळी चूल. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर 'फोर्क'चं बटण दाबलं की मात्र आपल्या खात्यात नुसती प्रत येते. तीत दुरुस्ती करून ती मूळ प्रकल्पालाच द्यायची असते. इथे 'आपली प्रत घ्या' पुरे.

पाऊलवाट: मग क्लोनला काय म्हणू? पुढच्याच ओळीत तो आहे, आणि तीही प्रतच, फक्त आपल्या संगणकावर उतरवलेली.

कुडाळी: आमच्या सिंधुदुर्गात वाट फुटते तिथे 'तिठा' म्हणतात. छोटा, गोड शब्द. तो का नको?

सह्यकडा: तिठा ही जागा झाली. निघालेल्या वाटेला तिठा कोण म्हणतं?

कुडाळी: घाटावरचा शब्द तेवढा प्रमाण, कोकणातला आला की खुसपट! नेहमीचंच आहे.

टंकयंत्र: 'फोर्क'च लिहा हो. पोरं 'फोर्क मारला' म्हणतात. अडली तर नेटवर शोधणार कुठल्या शब्दाने?

मोडीवाचक: गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, तिच्यात फोर्क नावाची आज्ञाच नाही. कमिट, मर्ज, क्लोन आहेत, ते टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, तसेच टंकावे लागतात म्हणून राहू देत. फोर्क हा संकेतस्थळांनी रुळवलेला शब्द. तिथे तरी मराठी येऊ द्या. 'सेव्ह'चं 'जतन करा' झालंच ना?

टंकयंत्र: 'जतन' मेनूत रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून रुळलं. पुस्तिकेतला शब्द पुस्तिकेतच राहतो.

नदीकाठ: मला पहिल्याच ओळीतला 'मुक्तस्रोत' खटकला. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला १९८३मध्ये, तो वापरणाऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी. 'ओपन सोर्स' हे नाव आलं १९९८मध्ये. पहिलं 'मुक्त', दुसरं 'खुलं'. 'मुक्तस्रोत' म्हटलं की दोन्हींची सरमिसळ होते.

सह्यकडा: 'खुला' हिंदी वाटतो.

नदीकाठ: 'खुल्या मनाने' म्हणताना वाटत नाही?

मोडीवाचक: मुक्त म्हणा, खुला म्हणा, पण 'स्रोत'च लिहा. 'स्त्रोत' छापलेलं रोज दिसतं.