समोरचे ब्रेक पॅड आणि सहा ओळींचं बिल: रास्त मजुरी की खिशाला कात्री?
(गॅरेजच्या बिलावरची चर्चा. प्रत्येक मजकुरावरचं नाव हे बोलणाऱ्याचं टोपणनाव.)

हिशेबी पाना
समोरच्या दोन चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे. काम काय? नट सैल करा, जॅक लावा, चाक काढा, कॅलिपरचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खालचा बोल्ट सोडून कॅलिपर वर उचला, जुने पॅड काढा, पिस्टन (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) आत दाबा, नवे बसवा. दुसऱ्या बाजूला तेच. सरावलेल्या हाताला दोन्ही चाकांना मिळून तासभर पुष्कळ झाला. आणि याच कामाची बिलं कशी येतात बघा: १) पॅड बदलण्याची मजुरी, २) डिस्क काढ-घाल, ३) कॅलिपर सर्व्हिस, ४) ब्रेक ऑइल टॉप-अप, ५) व्हील अलाइनमेंट, ६) किरकोळ साहित्य.

दोन नंबर घ्या. डिस्क काढायची वेळ येते तेव्हा चाक आणि कॅलिपर आधीच बाजूला झालेले असतात. उरतात कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट आणि फार तर डिस्कचा एखादा स्क्रू. त्याची पुन्हा पूर्ण मजुरी लावणं म्हणजे एकाच चाकाचे नट दोनदा सोडल्याचे पैसे घेणं.

पाच नंबर तर सरळ थाप आहे. पॅड बदलताना टाय रॉड, कंट्रोल आर्म, स्ट्रट या चाकाची दिशा आणि कोन धरणाऱ्या भागांतल्या कशालाच हात लागत नाही. मग टो आणि कॅम्बर (अलाइनमेंटमध्ये जुळवतात ते चाकांचे कोन) बिघडणार कुठून?

चार नंबर उलटाच. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी खाली जाते. नवे जाड पॅड घालताना पिस्टन आत ढकलला की तेच ऑइल परत वर येतं. मधल्या काळात कुणी टॉप-अप केलं असेल तर टाकी ओसंडते, आणि ते ऑइल बॉनेटखालचा रंग खातं. म्हणजे त्या क्षणी ऑइल भरायचं नसतं, कधीकधी सिरिंजने थोडं काढावं लागतं!

तेलकट बोटं
पाच नंबरवर वाद नाही. चारवरही नाही. (ऑइल पूर्ण बदलणं वेगळं. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. पण त्याला टॉप-अप म्हणत नाहीत.)

पण तीन नंबरला लूट म्हणाल तर तुम्ही फक्त नव्या गाडीचे पॅड बदललेले पाहिलेत. कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकतो. पिनेचं रबरी बूट (आवरण) फाटलं की पाणी आत शिरतं, पीन गंजते आणि कॅलिपर अडकतो. मग पिस्टनकडचा पॅड एकटा झिजत राहतो. दुसरी जागा ब्रॅकेटवरची, स्टीलच्या क्लिपांखाली. तिथला गंज फुगून क्लिप वर उचलतो, पॅड खाचेत घट्ट बसतो, ब्रेक सोडला तरी सुटत नाही आणि चाक तापतं. तिथे नवा पॅड हातोडीने ठोकून बसवणारे आहेतच. त्यांचं बिल लहान असतं, आणि थोड्याच महिन्यांत तीच गाडी त्याच तक्रारीने परत येते.

नीट करायचं तर पीन बाहेर काढून पुसायची, सिलिकॉन ग्रीस लावायचं (साध्या ग्रीसने बूट फुगतं), ब्रॅकेट तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासायचा आणि नव्या क्लिपा घालायच्या. सैल पीन असेल तर दहा मिनिटं. जाम झाली असेल तर एकट्या एका पिनेला अर्धा तास जातो.

हिशेबी पाना
मान्य. पण पीन पुसून ग्रीस लावणं हा पॅड बदलण्याचाच भाग आहे. भात शिजवला आणि तांदूळ धुण्याचे वेगळे लावले असं झालं. पीन खरंच जाम निघाली तर जास्तीचे जरूर घ्या, पण आधी गाडीमालकाला बोलावून दाखवा.

रेटबुक
इथे सगळे घड्याळ लावून बसलेत. ग्राहक मिनिटं विकत घेत नाही, काम विकत घेतो. रेटबुकात, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ धरायचा त्या पुस्तकात, त्या कामाला एक तास लिहिलाय आणि कारागिराने पस्तीस मिनिटांत केलं, तर उरलेली पंचवीस मिनिटं त्याच्या हाताची कमाई. ती कापली तर सगळे मुद्दाम रेंगाळतील.

हिशेबी पाना
ठीक. मग बोल्टाने त्रास दिला की जादा तास लावू नका. लवकर झालं तर पुस्तक आणि उशीर झाला तर घड्याळ, असा दोन्ही डगरींवर हात चालणार नाही. आणि तुमच्याच पुस्तकात पॅड आणि डिस्क एकत्र केल्यास वेगळा, कमी वेळ दिलेला असतो. बिल करताना मात्र दोन स्वतंत्र ओळींची बेरीज होते.

रेटबुक
एकत्र कामाचा मुद्दा बरोबर आहे. बाकीचं नाही. तुटलेला बोल्ट पुस्तकात नसतो.

मायक्रोमीटर
डिस्क मुळात काढली का, हे कुणीच विचारलं नाही. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने चार-सहा ठिकाणी मोजायची. आकडा त्याहून खाली असेल तर डिस्क बदला, वर असेल आणि ब्रेक मारताना पेडल थरथरत नसेल तर राहू द्या. थरथर असली तरी लगेच 'डिस्क वाकली' म्हणू नका. हबवर (डिस्क ज्यावर बसते तो भाग) गंजाचा पापुद्रा राहिला तरी डिस्क तिरकी बसते, डायल गेजवर (डोलणं मोजायचं यंत्र) ०.०५ मिमीच्या वर डोलते आणि हळूहळू जाडी कमीजास्त होते. हब घासून तीच डिस्क परत बसवल्यावर डोलणं गेलं, तर दोन नंबरची ओळ त्या घासण्याची समजा. बिलावर मोजलेला आकडा नसेल तर मात्र ती डिस्क कुणी मोजलेली नाही.

मागचं चाक
'साधं काम' म्हणताना समोरचे म्हणा. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत मागचे पॅड काढायच्या आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावावा लागतो. न लावता पिस्टन जबरदस्तीने दाबला तर हँडब्रेकच्या मोटरचे गिअर तुटतात. केबलच्या हँडब्रेकवाल्या कित्येक कॅलिपरांत पिस्टन दाबायचा नसतोच, फिरवत आत न्यायचा असतो. तिथे समोरच्या चाकाचा दर लावून भांडू नका.

तेलकट बोटं
हिशेबीराव, तीन नंबरचा निकाल जुन्या पॅडवरच लागेल. चारही पॅड मागून घ्या. कोणता आतला, कोणता बाहेरचा यावर खडूने खूण करायला सांगा आणि जाडी मोजा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिमीचा, ३ वर बदलायचा. आतला ३ आणि बाहेरचा ७ निघाला तर पीन किंवा पिस्टन अडकलेला होता, ओळ खरी. एकाच पॅडचं एक टोक जाड आणि दुसरं पातळ असेल तरी खरी.

हिशेबी पाना
आणि दोन्ही सारखेच झिजलेले निघाले तर?

तेलकट बोटं
तर ती ओळ खोडून घ्या. फक्त एखाद्या मिलिमीटरच्या फरकावरून भांडायला जाऊ नका, सरकत्या कॅलिपरमध्ये आतला पॅड थोडा जास्त झिजतोच.