मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये ॲलॉटमेंटसाठी कौन्सिलकडून नवी जमीन कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी,

मिडलंड्समधल्या एका लहान गावात आम्ही अकरा वर्षं राहतोय. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, ना अंगण ना गच्ची. २०२१ च्या मार्चमध्ये ॲलॉटमेंटसाठी नाव नोंदवलं तेव्हा यादीत ६४वी होते. चार वर्षांनी फोन करून विचारलं, तर ४१वी. गावात सगळे मिळून ५२ प्लॉट. हातपाय चालतात तोवर कुणी प्लॉट सोडत नाही, आणि का सोडावा? याच वेगाने गेलं तर माझा नंबर लागेपर्यंत सातवीतली लेक कॉलेजात गेलेली असेल.

तिकडच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. ॲलॉटमेंट म्हणजे घरच्यापुरता भाजीपाला पिकवायला कौन्सिल (इथली नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था) वर्षाच्या भाड्याने देते तो जमिनीचा तुकडा. पूर्ण प्लॉट जुन्या मापाने दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशोबात अडीच गुंठे.

मला ही ओढ लागली ती खालच्या मजल्यावरच्या आजोबांमुळे. दोन उन्हाळे त्यांच्या प्लॉटवर मदतीला जात होते. एका कोपऱ्यात त्यांनी मला मेथी-कोथिंबीर पेरू दिली. मेथी इथे इतकी जोमाने येते की तीन आठवड्यांत जुडी हातात. मुळे जून झाले म्हणून ते उपटायला निघाले, तेव्हा मी थांबवलं, आणि वीस वर्षांनी डिंगऱ्यांची भाजी खाल्ली. त्यांच्या वाफ्यांत एक तण माजलं होतं, ते वैतागून खुरपत होते. जवळ जाऊन बघते तर चाकवत! पिशवीभर घरी आणून ताक घालून पातळ भाजी केली, डबा त्यांना नेऊन दिला. मागच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी प्लॉट सोडला. तो यादीतल्या पुढच्या माणसांना गेला, ते बरोबरच झालं. पण देताना त्याचे दोन तुकडे केले.

माझं म्हणणं इथेच आहे. मी कौन्सिलला ईमेल केली, तर चार महिन्यांनी उत्तर आलं: नवीन जमीन नाही, मोकळे होणारे प्लॉट अर्धे करून आम्ही यादी कमी करतोय. सव्वा गुंठ्यात एकट्या माणसाचं छान भागतं, अनेकांना तेवढंच हवंही असतं. पण बटाटे, कांदे, भोपळ्याचे वेल आणि चौघांचं कुटुंब असेल तर नाही भागत. आणि तुकडे कितीही केले तरी जमीन तेवढीच राहते. दुसऱ्या महायुद्धात 'डिग फॉर व्हिक्टरी' या घरोघरी भाजी पिकवायच्या सरकारी मोहिमेच्या काळात या देशात सुमारे १४ लाख प्लॉट होते. आज त्याच्या पावपट उरलेत. म्हणजे जमीन नव्हतीच असं नाही, ती दुसऱ्या कामाला गेली.

यादीतल्या काही जणांशी ओळख झाली आहे. एक पोलिश जोडपं, एक गुजराती काकू, रात्रपाळी करणारी एक नर्स. सगळे फ्लॅटमध्ये राहणारे. आम्हाला कुणाचा प्लॉट हिसकावून घ्यायचा नाही, गावाला जमीन वाढवून हवी आहे. कालव्यापलीकडे एक शेत कित्येक वर्षं पडीक आहे.

कुणी हे केलंय का? कौन्सिलला कायद्याने काही बंधन आहे का? आम्ही बहुतेक जण भारतीय पासपोर्टवाले, आमच्या सह्यांना किंमत असते का? आणि खाजगी शेत असेल तर पुढे काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, आम्ही सहा वर्षांपूर्वी यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. १९०८ चा 'स्मॉल होल्डिंग्ज अँड ॲलॉटमेंट्स ॲक्ट', कलम २३. संसदेचे मतदार किंवा कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) भरणारे अशा सहा रहिवाशांनी लेखी मागणी केली, तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. आणि गावात मागणी आहे असं कौन्सिलचं मत झालं, तर पुरेसे प्लॉट उपलब्ध करून देणं हे तिचं कर्तव्य ठरतं. एकट्याची ईमेल म्हणजे तक्रार, सहा जणांचं पत्र म्हणजे या कायद्याखालची मागणी. पत्रात कलमाचा उल्लेख नक्की करा. (इनर लंडनला हे कर्तव्य लागू नाही, स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.)

पासपोर्टची काळजी सोडा. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे रीतसर व्हिसावर राहणारे भारतीय नागरिक संसदेचे मतदार होऊ शकतात. नाव नोंदवलं नसेल तर आधी नोंदवा.

आता एक महत्त्वाचं. तुमच्या गावात पॅरिश किंवा टाउन कौन्सिल, म्हणजे गावापुरतं सगळ्यात खालच्या पातळीचं कौन्सिल, आहे का? असेल तर ॲलॉटमेंटची जबाबदारी तिची, वरच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलची नाही. आमचं पहिलं पत्र चुकीच्या दारात पाच महिने पडून होतं.

या कायद्यात मुदत नाही, हा त्याचा मोठा दोष. 'विचार चालू आहे' म्हणत वर्षं काढता येतात. म्हणून मागणी आकड्यांत मांडा: यादीत किती जण, किती वर्षांपासून, दर हजार घरांमागे किती प्लॉट. नॅशनल ॲलॉटमेंट सोसायटी हजार घरांना २० प्लॉट असं प्रमाण सुचवते, त्याशेजारी तुमच्या गावाचा आकडा ठेवा. मग कौन्सिलच्या सभेत जनतेला बोलायला वेळ असतो तिथे जा. आम्ही सात जण गेलो होतो, बोललो दोघंच, पण सभागृहात बसलेली माणसं दिसतात.

शेताचा मालक आधी शोधा. लँड रजिस्ट्रीत थोड्या शुल्कात नोंद मिळते. शेतजमिनीवर ॲलॉटमेंट केली तर सहसा वापर बदलण्याची परवानगी लागत नाही, कारण तीही शेतीच धरतात. शेड, पार्किंगची जागा किंवा रस्त्याकडून नवं फाटक करायचं असेल तर मात्र विचारून घ्या. पाण्याची जोडणी आम्हाला सगळ्यात महाग पडली, ते आधीच धरून चाला.

प्रतिसाद २

वरच्यांना दुजोरा. गावात नवीन घरं येत असतील तर बिल्डरच्या परवानगीच्या वेळीच हरकती-सूचनांत ॲलॉटमेंटची जमीन मागा. सेक्शन १०६ च्या करारात (बांधकामाच्या परवानगीसोबत बिल्डर आणि कौन्सिलमध्ये होणारा करार) ती मिळू शकते. घरं उभी राहिल्यावर कुणी देत नाही.

आणि जमीन मिळाली तर ती 'स्टॅट्युटरी' (खास ॲलॉटमेंटसाठीच घेतलेली) आहे की 'टेम्पररी' (तात्पुरती दिलेली), हे लेखी घ्या. १९२५ च्या ॲलॉटमेंट्स कायद्याच्या कलम ८ मुळे स्टॅट्युटरी जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. टेम्पररीला ते संरक्षण नाही. आमची टेम्पररी होती. नऊ वर्षं जोपासलेली माती एका नोटिशीने गेली.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दादा, आमच्याकडे टाउन कौन्सिल आहे! माझी ईमेल डिस्ट्रिक्टला गेली होती आणि योग्य दार कोणतं हे तिथे कुणी सांगितलंही नाही.

आज संध्याकाळी नर्सबाईंच्या घरी बसलो. सह्या नऊ झाल्या. दोघांची नावं मतदारयादीत नव्हती, त्यांचे अर्ज तिथेच ऑनलाइन भरले. प्रतिसाद २, तुमचं वाचून फार वाईट वाटलं, 'स्टॅट्युटरी' हा शब्द पत्रात घातला आहे. टाउन कौन्सिलची सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. बोलायला तीनच मिनिटं मिळतात. त्यात काय सांगावं आणि काय गाळावं, हे कुणी सुचवाल का? मसुदा उद्या इथेच टाकते.