मदत हवी आहे: आजीच्या रेकॉर्डिंगमधली टकटक कशी काढायची? (अर्जंट)

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी, लवकर उत्तर हवंय. आजीचं रेकॉर्डिंग केलंय, त्यात मधेमधे टक् टक् येतं आणि सगळंच घुमल्यासारखं वाटतंय. नॉइज काढायचा पर्याय वापरून बघितला तर आजी पाण्याखालून बोलतेय असं ऐकू यायला लागलं. ८ मिनिटांचं करून शुक्रवारी द्यायचंय. काय करू? प्लीज 'गूगल करा' म्हणू नका, दोन दिवस तेच करतेय.

ध्वनिवेडा
कशावर रेकॉर्ड केलंत? माईक किती लांब होता? खोलीत पंखा, फ्रिज, काय काय चालू होतं? फाईल कुठल्या फॉरमॅटमधे आहे? एवढं न सांगता इलाज विचारायचा असेल तर ज्योतिषाकडे जा.

रिकामटेकडा
घड्याळ आहे ते. शंभर टक्के. आमच्याकडे असंच झालेलं. पुढच्या वेळी सेल काढून ठेवा.

खिडकीपाशी
फोनवर केलंय, फोन टेबलवर होता, आजी समोर खुर्चीत. पंखा चालू होता. घड्याळ नाहीये, घड्याळ असतं तर एका लयीत वाजलं असतं ना. हे दहा-दहा मिनिटं येत नाही आणि मग लागोपाठ तीनदा येतं.

ध्वनिवेडा
हे तीन वेगळे आजार आहेत, एकाच गोळीने बरे होणार नाहीत.
पंख्याचा आवाज एकसारखा असतो, तो कमी करता येतो. ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) आजी गप्प आहे आणि फक्त पंखा ऐकू येतोय असे दोन-तीन सेकंद निवडायचे, 'हा नॉइज' म्हणून ओळख करून द्यायची, मग पूर्ण फाईल निवडून १२ डेसिबलच्या आसपास कमी करायचं. तुम्ही बहुतेक सगळं खेचलंत टोकाला, म्हणून पाण्याखाली गेली आजी. थोडा पंखा राहिला तर राहू दे, कुणी मरत नाही.
घुमणं म्हणजे आवाज भिंतींवर आपटून परत आलेला, तो आजीच्याच आवाजात मिसळलेला असतो, त्यामुळे तो वेगळा काढणं अवघड. त्यावर औषध रेकॉर्डिंगच्या आधीच: फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, खोलीत पडदे, गाद्या, उशा, कपडे. अंतर निम्मं केलं की सरळ येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि भिंतीचा आहे तेवढाच राहतो, एवढं साधं गणित आहे.
टकटक वेगळी. ती एकेक करून हाताने कापायची. बरं, फोनवरून लॅपटॉपवर फाईल कशी घेतलीत?

खिडकीपाशी
मेसेजच्या ॲपवर बहिणीला पाठवली, तिचा लॅपटॉप आहे. फाईल मोठी जाईना म्हणून स्पीकरवर वाजवून तुकड्यातुकड्यात व्हॉइस मेसेज केले.

ध्वनिवेडा
🙏🙏 स्पीकरवर वाजवून परत रेकॉर्ड?? म्हणजे खोली दोनदा घुमली, वर व्हॉइस मेसेजमधे आवाज दाबून लहान करतात ते वेगळंच. मूळ फाईल फोनमधे आहे ना अजून? असली तर वायर लावून घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अर्धा आजार तिथेच जाईल. आणि मूळ फाईलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं.

खिडकीपाशी
आहे आहे, मूळ फाईल आहे. वायरने घेते.

नाममात्र
एवढा खटाटोप कशाला? आता एका क्लिकवर साफ करणारी एआय टूल्स आहेत. टाका, स्टुडिओत बोलल्यासारखा आवाज येतो. मी ऑफिसच्या मीटिंगना वापरतो.

अर्धविराम
मीटिंगला चालेल. म्हाताऱ्या माणसाच्या आवाजाला जपून. आजोबांचं रेकॉर्डिंग मी असंच साफ केलं होतं. यातली काही टूल्स नुसती कचरा काढत नाहीत, जिथे नीट ऐकू येत नाही तिथे काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधून आवाज नव्याने तयार करतात. आजोबांच्या बोलीत एक खास घोळवलेला ळ होता, तो सपाट होऊन आला. ऐकताना वाटलं हे कुणी बातम्या वाचणारे गृहस्थ आहेत. अख्खं घर म्हणालं किती स्वच्छ झालंय, फक्त आजी म्हणाली हे ते नव्हेत.

नाममात्र
एका ळ साठी एवढं? श्रोत्याला ऐकू आलं पाहिजे हे महत्त्वाचं की ळ?

अर्धविराम
विषय कुटुंबाचा आणि ओळखीचा असेल तर ळ. विषय काय आहे ते धागाकर्तीने अजून सांगितलेलंच नाही म्हणा.

निळीशाई
हेच विचारायला आले होते. एकूण किती तास आहे, कोणत्या भाषेत आहे, ऐकणार कोण? टकटक शेवटी काढ. ८ मिनिटं कुठली घ्यायची ते ठरलंय का?

खिडकीपाशी
एकूण ३ तास १० मिनिटं, दोन बैठकांत. आमच्या घरातल्या दोन भाषांबद्दल आहे. म्हणजे आजी मूळची दुसऱ्या भाषेची, दुसऱ्या समाजातली, लग्न होऊन आली आणि ती भाषा बोलणं तिने सोडलं, बाहेर विचारलं की माहेर भलतीकडचंच सांगायचे म्हणे. आम्हा नातवंडांना हे पाच वर्षांपूर्वी कळलं. भाषेचं नाव इथे देत नाही, आमच्यातलं कुणीतरी नक्की वाचत असणार. आणि माईक दिसला की आजी एकदम भाषण दिल्यासारखं शुद्ध बोलायला लागते, पहिला पाऊण तास तर वायाच गेलाय.

गप्पिष्ट
किती सुंदर विषय! आमच्या पणजीचं पण असंच होतं, ती तर चार भाषा बोलायची आणि रागावली की पाचवी, ती कोणती ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. तिच्या कॅसेट होत्या आमच्याकडे, चुलतभावाने त्यावर सिनेमाची गाणी भरली. त्याच्याशी मी अजून बोलत नाही. बाय द वे कॅसेटवरून मोबाईलवर कसं घ्यायचं कुणी सांगेल का?

ध्वनिवेडा
वेगळा धागा काढा हो. (प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या लाइन-इनला. आणि कॅसेटच्या वरच्या कडेची प्लास्टिकची दोन टोकं आधी मोडा, म्हणजे चुलतभाऊ परत भरू शकणार नाही.)

जुनं_खोड
पॉडकास्ट हा शब्द २००४ साली बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने 'द गार्डियन'मधल्या लेखात वापरला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची मोट बांधून. तेव्हा फोनवर केलेल्या कुठल्याही रेकॉर्डिंगला पॉडकास्ट म्हणणं चूक.

रिकामटेकडा
खोडसाहेब, पॉडकास्ट म्हणालं कोण? वर शोधून बघा, तुम्हीच पहिले.

निळीशाई
@खिडकीपाशी, पाऊण तास वाया गेला म्हणू नकोस, सगळ्यांचंच तसं होतं. तिला आठवणी विचारू नकोस, वस्तू हातात दे. जुना फोटो, एखादं भांडं. हाताला काम मिळालं की जीभ सैल होते.
आता ८ मिनिटांचं: सगळं ऐकून कागदावर उतरवून काढ. एका तासाला चार-पाच तास जातात, तुझ्याकडे तेवढे नाहीत, तर निदान दर मिनिटाला एक ओळ लिही. तिच्या भाषेतलं ऑटोमॅटिक उतरवायला जाऊ नकोस, लहान भाषांमधे यंत्र बिनधास्त ठोकून देतं, स्वतः ऐक. जिथे ती स्वतःच्या भाषेत बोलते तिथे लगेच तुझं भाषांतर वर चढवू नकोस, तिचा आवाज दोन-तीन सेकंद मोकळा जाऊ दे, मग तो खाली घे आणि तू बोल, आणि शेवटचे दोन शब्द परत तिचेच वर येऊ देत.
आणि त्याच खोलीत कुणी न बोलता मिनिटभर रेकॉर्ड कर. कापाकापीच्या फटी भरायला तीच शांतता लागते, दुसरीकडची आणली तर लगेच कळतं.

खिडकीपाशी
निळीशाई ताई खूप धन्यवाद. अजून एक अडचण आहे. आजी तिच्या भावाला शेवटचं कधी भेटली ते पहिल्या बैठकीत लग्नाआधी म्हणते, दुसऱ्यात माझे बाबा झाल्यावर म्हणते. काका म्हणतो तिला काही आठवत नाही, तो भागच उडव.

रिकामटेकडा
काकांचं बरोबर आहे. चुकीची माहिती का द्यायची लोकांना?

जुनं_खोड
उडवू नकोस बाळ. इटलीत तेर्नी नावाच्या पोलादाच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ साली नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या गोळीने गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने पुढे गावातल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या तर बरेच जण तो १९५३ साली गेला म्हणून सांगायचे, त्या साली कारखान्यातून हजारोंना काढलं होतं त्या दंगलीत. पोर्तेल्लीने तारीख दुरुस्त करून सोडून नाही दिलं, लोक त्याचं मरण उचलून तिकडे का नेतात हे विचारलं. ज्या मरणाला लढाई मिळाली नव्हती त्याला त्यांनी एक लढाई दिली. तुझी आजी ती भेट लग्नाच्या इकडे आणि तिकडे का हलवते ते बघ. दोन्ही वाक्यं एकामागोमाग लाव, मधे तू काही बोलू नकोस.

रिकामटेकडा
खोडसाहेब आज फॉर्मात.

ध्वनिवेडा
टकटकीचं काय झालं पण? मूळ फाईलमधेही आहे का? कुठेकुठे येते ते मिनिट-सेकंदासकट लिहून काढा, मग कापू.

खिडकीपाशी
मूळ फाईल खरंच पुष्कळ बरी आहे, घुमणं बरंच कमी.
टकटकीची यादी केली. दोन्ही बैठका मिळून ११ ठिकाणी. काल रात्री हेडफोन लावून ऐकत बसले आणि कळलं. ती चष्म्याची डबी आहे. आजीच्या मांडीवर असते ती, अंगठ्याने उघडते आणि मिटते, टक्. ११ पैकी ९ वेळा पुढचं वाक्य भावाबद्दल आहे. आधी डबी, मग भाऊ. तिला स्वतःला माहीत नसणार.
आणि आता खरं सांगते, आधी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या बैठकीत १ तास २२ मिनिटांवर डबी वाजते, मग ती तिच्या भाषेत एकच वाक्य बोलते, मी जन्मात पहिल्यांदा तिला त्या भाषेत अख्खं वाक्य बोलताना ऐकलं, आणि मग म्हणते "ते बंद कर आधी." मी फोन उलटा ठेवला. बंद नाही केला. म्हणजे मुद्दाम नाही, हात गडबडला आणि मग तशीच राहिले. पुढची ४ मिनिटं रेकॉर्ड झालीयेत आणि सगळ्यात भारी तेच आहे. बाकीचं त्याच्यापुढे काहीच नाही. मला ते शेवटाला घ्यायचंय.

अर्धविराम
नाही.

नाममात्र
का नाही? आजी तुमची, घर तुमचं, भाषेचं नावही घेत नाही आहात. अशा गोष्टी बाहेर आल्याच पाहिजेत, नाहीतर पुढच्या पिढीला कळणार कशा?

अर्धविराम
बंद कर म्हणाली ना ती? यात न कळण्यासारखं काय आहे? आयुष्यभर लोकांनी सांगितलं इथे तुझी भाषा बोलू नकोस, तिने ऐकलं. आता ती एक गोष्ट सांगतेय तर आपण ऐकायची नाही?

नाममात्र
इमोशनल होऊ नका. मग पत्रकारिता बंद करा.

निळीशाई
दोघंही थांबा जरा. अमेरिकेत स्टोरीकोर म्हणून प्रकल्प आहे, २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एका छोट्या बूथपासून सुरू झाला. ओळखीची दोन माणसं समोरासमोर बसून ४० मिनिटं बोलतात. त्यांच्यात लेखी परवानगी बोलून झाल्यावर घेतात, कारण आपण काय बोलून बसणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. तुझ्या आजीने होकार दिलाय तो काय बोलणार हे माहीत नसताना. तिला ऐकव. ती चार मिनिटं पण, आणि फोन बंद केला नव्हता हेही सांग.

खिडकीपाशी
रागावली तर?

निळीशाई
तर रागावेल.

ध्वनिवेडा
मी फक्त टकटक काढायला आलो होतो. ऐकवताना हेडफोन द्या, फोनच्या स्पीकरवर नको, वयस्कर माणसांना त्यात शब्द लागत नाहीत. आवाज आधी कमी ठेवा.

गप्पिष्ट
काय झालं? गुरुवार संपला. कुणी काही लिहीत का नाही?

खिडकीपाशी
लिहिते. आत्ताच फाईल पाठवली, ७ मिनिटं ४० सेकंद.
ऐकवलं आजीला. हेडफोन लावून पहिलं वाक्य "मी एवढी म्हातारी वाटते?" मग गप्प बसून ऐकलं. चार मिनिटांचं सांगितलं तेव्हा रागावली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, ते जास्त वाईट होतं. ऐकून झाल्यावर "हे नको" एवढंच. कापलं. पुसायचं का विचारलं तर म्हणाली आधी काकाला ऐकव, मग बघू. काकाला अजून धीर होत नाहीये.
पण ते एक वाक्य तिने परत लावायला सांगितलं. दोनदा. आणि म्हणाली चुकलंय हे, क्रियापद चुकलं, बाईमाणसाने असं नाही म्हणत, भाऊ असता तर हसला असता. "परत घे." मग गाद्या-उशा लावून, फोन वीतभरावर ठेवून परत घेतलं. आवाज नको म्हणून मी चष्म्याची डबी काढून घेतली होती तर बोलेचना. पाच मिनिटं हातच चोळत बसली. परत दिली.
शेवटी जुनं चुकलेलं वाक्य आणि नवीन बरोबर वाक्य दोन्ही घेतलीत, मधे मी काही बोलले नाहीये. टकटक ठेवलीये. माझ्या आवाजाखालून येत होत्या त्या दोन कापल्या फक्त.

जुनं_खोड
शाब्बास.

ध्वनिवेडा
पाठवण्याआधी लाउडनेस बघितलात ना? उणे १६ एलयूएफएसच्या आसपास पाहिजे.

खिडकीपाशी
ते काय असतं??

रिकामटेकडा
म्हणजे घड्याळ नव्हतं तर.