पेशींचे नकाशे ही 'श्रीमंतांची हौस' म्हणणाऱ्यांना उत्तर

कृष्णाकाठ, सांगली
काल इथे येरळाकाठ यांनी लिहिलं, "ऊतीतल्या कुठल्या पेशीत कुठलं जनुक चालू आहे याचे रंगीत नकाशे ही श्रीमंत देशांची हौस. आपल्याकडे मावा-मिश्री बंद करा, बाकी काही लागत नाही." त्याखाली वाहवा चाललेली बघून राहवलं नाही.

मावा बंद व्हायलाच हवा. पण ज्याला आधीच झालाय त्याचं काय? भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. दोघांची गाठ सारख्या मापाची, स्टेज तीच, ऑपरेशन तेच. एकाची मानेत उतरते, दुसऱ्याची नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डोके-मानेच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांतल्या जवळपास ६,००० पेशी एकेक करून वाचल्या. गाठीच्या काठावर, शेजारच्या ऊतीला भिडलेल्या पेशींत जनुकांचा एक वेगळाच संच चालू होता, आणि त्याचा संबंध मानेतल्या लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे लसिकाग्रंथींपर्यंत, पसरण्याशी निघाला. म्हणजे पेशी बसलीय कुठे, याला अर्थ आहे. सगळ्या पेशी सुट्या करून वाचल्या की कोण कुणाच्या शेजारी होती हेच हरवतं. म्हणून तर काचेच्या स्लाइडवर ठेवलेल्या ऊतीच्या पातळ कापातच जनुकांचं काम वाचायच्या पद्धती आल्या. 'नेचर मेथड्स' या विज्ञान नियतकालिकाने २०२० ची सर्वात महत्त्वाची पद्धत म्हणून त्यांचीच निवड केली.

आणि कोविड विसरलात? मार्च २०२० मध्ये इस्लामपूर हादरलं होतं. विषाणू शिरतो कुठून, याचा अंदाज एप्रिलमध्येच छापून आला: त्याला लागणारी एसीई-२ आणि टीएमपीआरएसएस-२ ही जनुकं नाकातल्या गॉब्लेट (शेंबूड तयार करणाऱ्या) आणि सिलिया (केसांसारखे बारीक तंतू) असलेल्या पेशींत ठळक दिसली. इतक्या लवकर दिसली, कारण ते नकाशे साथीच्या आधीच काढायला घेतले होते. हौस म्हणून कुणीतरी काढत होतं, म्हणा हवं तर.

येरळाकाठ, तासगाव
माझं नाव घेऊन लिहिलंत, बरं केलंत. आता उत्तर ऐका. टाटा मेमोरियलने निव्होलुमॅब हे कॅन्सरवरचं महागडं औषध नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी डोसात, २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं. सोबत तोंडी गोळ्या. डोके-मानेच्या कॅन्सरच्या हाताबाहेर गेलेल्या रुग्णांत नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६ टक्के होते, ते ४३ टक्के झाले. यात कुठला नकाशा होता? स्वस्त डोस आणि नीट केलेली चाचणी, बस. आमच्या गल्लीतला एक माणूस पूर्ण डोसाच्या खर्चापायी बाग विकायला निघाला होता. त्याला तुमची रंगीत चित्रं दाखवणार?

गुलाबी-निळं, मिरज
पॅथॉलॉजीत आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. काठावरच्या पेशी तुटक-तुटक आत घुसतात हे आम्ही साध्या एच अँड ई (गुलाबी-निळ्या रंगाने रंगवलेल्या) स्लाइडवर रोज बघतो. 'वर्स्ट पॅटर्न ऑफ इनव्हेजन' (आत घुसण्याची सर्वात वाईट तऱ्हा) अशी ओळ रिपोर्टात लिहितो. ती ओळ किती सर्जन वाचतात? आधी असलेला रिपोर्ट वाचा, मग नवी यंत्रं मागा.

कृष्णाकाठ, सांगली
येरळाकाठ, तो ४३ चा आकडा मलाही पाठ आहे. उरलेल्या ५७ जणांचं काय? ते औषध टी पेशींना, म्हणजे शरीराच्या लढाऊ प्रतिकार पेशींना, मोकळं करतं. त्या पेशी गाठीत शिरल्यात की बाहेरच अडकून पडल्यात, आणि आत असल्या तर थकल्यात की लढतायत, हे ऊतीत जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. बाग कुणी विकायची नि कुणी नाही, हे आधी कळलं तर तुमच्या गल्लीतल्या माणसाचंच भलं आहे.
डॉक्टरसाहेब, तुम्हाला आकार दिसतो. तो आकार कशामुळे आला ते कुठे दिसतं?

माणदेशी, आटपाडी
तुमचे नकाशे राहू द्या. माझ्या आईला मिश्रीची सवय. गालात चट्टा आला, तालुक्यात तुकडा काढला आणि सलाईनच्या पाण्यात बाटलीत घालून माझ्या हातात दिला. "मिरजेला द्या." उन्हाळ्यात एसटीने, मांडीवर बाटली घेऊन. पुढे दुसरं मत घ्यायचं म्हणून ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला तो तुकडा) मागायला गेलो, तर लॅबमध्ये "सापडत नाही". पुन्हा तुकडा काढला. आई किती रडली ते मी बघितलंय. तो ब्लॉक आईचा की लॅबचा, हे सांगा आधी.

गुलाबी-निळं, मिरज
लॅबलाच दोष द्या! सलाईनमध्ये आलेला तुकडा कुजतो आणि रिपोर्ट धड येत नाही म्हणून शिव्या आम्ही खायच्या. ब्लॉक ठेवायला जागा, माणूस, पैसा कोण देतं?

माणदेशी, आटपाडी
मी जागा मागितली नव्हती साहेब. आईच्या अंगाचा तुकडा मागितला होता. तुम्हाला त्यात शिव्या ऐकू येत असतील तर बोलणंच खुंटलं.

अजिंक्यतारा, सातारा
दोघांनीही थांबा जरा. मी याच विषयात संशोधन करते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: संशोधनासाठी दिलेल्या नमुन्याचा मालक तो देणारा, संस्था फक्त सांभाळणारी.

गुलाबी-निळं, मिरज
संशोधनासाठी दिलेल्या. निदानासाठी आलेला ब्लॉक वेगळा. अर्धं वाक्य वाचून कायदा शिकवू नका.

अजिंक्यतारा, सातारा
मान्य, तिथे तो नियम संशोधनाचाच आहे. पण त्याच ब्लॉकवर उद्या कुणी संशोधन करायला घेतलं तर माणदेशींच्या आईला विचारावं लागेल, नाहीतर न विचारण्याची सूट नीतिसमितीकडून घ्यावी लागेल. आणि प्रश्न खरा तिथेच आहे. आशियातल्या पाच देशांनी मिळून प्रतिकार पेशींचा नकाशा केला, त्यात भारतही आहे. ६१९ निरोगी माणसं, साडेबारा लाखांहून जास्त पेशी. पण तो रक्ताचा. आपल्या आयांच्या, वर्षानुवर्षं मिश्री घासलेल्या गालाचा नाही. तो गाल मिरजेच्या ब्लॉकांत आहे. फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावणात, आरएनए (चालू जनुकाची नक्कल) तुटतं, तरी आता त्याला जाऊन चिकटणाऱ्या छोट्या प्रोबने त्याचे तुकडेही वाचता येतात. सलाईनमध्ये तासन् तास राहिलेल्या तुकड्यात मात्र वाचण्यासारखं फार उरत नाही. एसटीतली ती बाटली आणि हे नकाशे हा एकच विषय आहे, दोन नाहीत.

येरळाकाठ, तासगाव
नकाशाला पैसा नको म्हणणारा मी अजूनही तोच आहे. बाटलीत फॉर्मलिन हवं, एवढं मान्य. त्याला कोटी लागत नाहीत.

कृष्णाकाठ, सांगली
एवढं मान्य केलंत तरी पुष्कळ. कोटीचं नंतर भांडू.

गुलाबी-निळं, मिरज
दहा टक्के बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या दहापट तरी. बाटलीवर तुकडा काढल्याची वेळ. हे तालुक्यातल्या प्रत्येकाला मी सांगत आलोय. माणदेशी, तुमच्या आईच्या बाबतीत जे झालं ते व्हायला नको होतं. ब्लॉक देताना नोंदवहीत सही घेतली असती तर तो कुठे गेला ते तरी कळलं असतं.

माणदेशी, आटपाडी
वहीत सही होती. तुमच्यासारख्याच कुणा डॉक्टरची. ब्लॉक नव्हता.