नारळीकरांच्या विज्ञानकथा: तुम्हाला काय जाणवलं?

जयंत नारळीकरांच्या कथा-कादंबऱ्यांवरचा जुना आक्षेप सगळ्यांना ठाऊक आहे: कल्पना भक्कम, माणसं पुसट. तुम्हाला वाचताना हे पटलं का? 'आवडली', 'नाही आवडली' एवढ्यावर थांबू नका, एखादी कथा हातात धरून लिहा.

सुरुवात मी करते. 'वामन परत न आला' (१९८६) मध्ये उत्खननात एका लुप्त संस्कृतीचं ज्ञान सापडतं आणि त्यावरून यंत्रमानव घडतो. त्याचं नाव वामन. बळीची गोष्ट माहीत असलेल्या वाचकाला धोका पात्रांच्या कितीतरी आधी कळतो, आणि माझा सगळा ताण तिथूनच आला. माणसांचे स्वभाव मात्र लक्षात राहिले नाहीत.

*

मी इतिहास शिकवतो. 'गंगाधरपंतांचे पानिपत' वर्गात वाचून दाखवलं की विश्वासरावांना गोळी चाटून जाते तिथे मुलं श्वास रोखतात. एका गोळीच्या अंतरावर १७६१ नंतरचा सगळा इतिहास टांगून ठेवणं, ही मोठ्या लेखकाची नजर आहे. पण शेवटी कथेतले राजेंद्र देशपांडे क्वांटम सिद्धांत समजावू लागतात आणि वर्ग सैलावतो. त्या दुसऱ्या इतिहासातल्या बखरीचं फाटकं पान गंगाधरपंतांच्या खिशात निघालं, तिथेच कथा थांबायला हवी होती.

*

वरच्या मताशी मी अजिबात सहमत नाही. ते स्पष्टीकरण काढलंत तर उरेल ती नुसती अद्भुतकथा! आणि 'मोठे शास्त्रज्ञ म्हणून डोक्यावर घेतलं' असं म्हणणाऱ्यांसाठी: १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. बक्षीस मिळालं ते कथेला.

*

'धूमकेतू' वाचा आणि मग माणसं पुसट आहेत का ते सांगा. पृथ्वीवरचं संकट विज्ञानाने टळतं, धूमकेतू शोधणारे दत्तदा घरी येतात, तर घरातच शांतियज्ञ झालेला. त्यांची ती हतबलता मी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. आमच्याकडे ग्रहणात स्वयंपाकघर बंद असायचं. ते विज्ञानाचे पदवीधर, आजीपुढे गप्प बसायचे.

*

दत्तदा पटले. त्यांची बायको इंदुताई? तिची भीती आतून कुठे दिसते? यज्ञ करावासा वाटणाऱ्या बाईच्या बाजूने ही कथा कुणीतरी पुन्हा लिहायला हवी.