आधी टेस्ट चालवून बघा

पायपाय या पायथनच्या वेगवान इंटरप्रिटरसाठी नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी मुळापासून लिहून काढू, दहा-बारा जण मिळाले की झालं, असं वरच्या पोस्टमध्ये आलंय. उत्साह चांगला आहे, पण हा रस्ता पायपायवाल्यांनी स्वतःच तुडवून झालाय. 'नमपायपाय' नावाने त्यांनी हेच आरंभलं होतं. ॲरे (नमपायचे आकड्यांचे तक्ते) बरेचसे जमलेही. पण सायपायसारख्या वैज्ञानिक लायब्ररी नमपायच्या सी एपीआयवर, म्हणजे सी भाषेतून नमपाय वापरायच्या फंक्शनांवर उभ्या, त्यांचं काय? शेवटी सी एक्स्टेन्शनसाठीचा (सीमध्ये लिहिलेल्या मॉड्यूलसाठीचा) पायपायमधला जोडथर सुधारून मूळ नमपायच चालवायचं ठरलं, आणि ते चालतं.

खरी अडचण वेगाची. सीपायथन, म्हणजे नेहमीचा पायथन, प्रत्येक ऑब्जेक्टचे रेफरन्स (त्याच्याकडे किती ठिकाणांहून बोट दाखवलंय ते) मोजत बसतो. पायपायचा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) ऑब्जेक्ट मेमरीत इकडून तिकडे हलवतो. सी कोडला मात्र पॉइंटर, म्हणजे ऑब्जेक्टचा न बदलणारा मेमरीतला पत्ता लागतो, म्हणून जोडथराला प्रत्येकाचा डमी उभा करावा लागतो. दोन मोठ्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात हे जाणवणारही नाही. लूपमध्ये एकेक घटक वाचायला गेलात की दरवेळी हाच खटाटोप, म्हणजे बोंब.

हातभार लावायचाच तर एखादी छोटी लायब्ररी घ्या आणि पायपायवर तिच्या टेस्ट चालवा. रेफरन्सची संख्या सांगणारं 'गेटरेफकाउंट' वापरणाऱ्या टेस्ट लगेच पडतील, कारण ते फंक्शन तिथे नाहीच. ॲरेचा आकार बदलणारं 'रिसाइझ' रेफचेक (रेफरन्स तपासायचा पर्याय) बंद केल्याशिवाय होत नाही. फाइल बंद न करता सोडून देणारा कोडही उघडा पडतो, कारण पायपाय ती लगेच बंद करत नाही. पॅच (केलेली दुरुस्ती) मूळ प्रकल्पालाच पाठवा, फोर्क (वेगळी प्रत) काढू नका. तो सांभाळायला नंतर कुणी उरत नाही.

सी चांगलं येत असेल तर एचपाय ही सी एक्स्टेन्शन लिहायची पर्यायी एपीआय बघा. तिथे पॉइंटरऐवजी हँडल (पत्त्याऐवजी दिलेली खूण) असतात, त्यामुळे तो डमीचा खटाटोपच टळतो. एखाद्या लायब्ररीत फोर्ट्रान (आकडेमोडीची जुनी भाषा) दिसली तर घाबरायचं कारण नाही, आकडेमोडीचा तो कोड इंटरप्रिटरशी बोलतच नाही.