अमेरिकेत दोन्ही पक्षांना वैतागलेल्या माणसाने करायचं काय?

कोथरूडची_धाकटी:
माझी ताई पेनसिल्वेनियात पिट्सबर्गजवळ राहते, २०१८ ला सिटिझन झाली आणि तेव्हा इतकी खूश होती की मतदानाचं स्टिकर लावून आईला व्हिडिओ कॉल केला होता. आता म्हणते मी मतच देणार नाही, डेमोक्रॅट काय नि रिपब्लिकन काय, दोघेही सारखेच, एक घाबरवतो आणि दुसरा गृहीत धरतो. २०२४ ला पेनसिल्वेनियात म्हणे रोज पत्रपेटी भरून पत्रकं यायची, तिने सगळी साठवून किचनच्या काट्यावर ठेवली तर दोन किलोच्या वर भरली (आई लगेच, अगं रद्दीवाल्याला दे ना, तिथे रद्दीवाला कुठला). तर माझा प्रश्न असा की एवढ्या मोठ्या देशात तिसरा पक्ष का उभा राहत नाही? आपल्याकडे पुण्यात महापालिकेलाच इतके पक्ष असतात की बॅनरवर चेहरे मावत नाहीत.

पेठेतला_काका:
आणि एवढे पक्ष असून आपण खूश आहोत का? प्रभागात चार बटणं दाबायची, निवडून आलेला उद्या कुठल्या पक्षात असेल ते त्याला तरी माहीत असतं का. तुमच्या ताईंना सांगा, तिकडे निदान मत दिलेला माणूस पाच वर्षं त्याच दुकानात सापडतो.

बाणेर_रिटर्न:
काका चार वर्षं, पाच नाही 😄

मी अकरा वर्षं मिशिगनला होतो, त्यामुळे जरा लांबण लावतो. तिसरा पक्ष उभा राहतो हो, पण त्याच्या हातात काही पडत नाही. १९९२ ला रॉस पेरो नावाचा टेक्ससचा अब्जाधीश अध्यक्षपदाला अपक्ष उभा होता, जूनमध्ये तर काही पोलमध्ये बुश आणि क्लिंटन दोघांच्याही पुढे, मग जुलैत अचानक बाहेर पडला, ऑक्टोबरला परत आला, एवढा घोळ घालूनही जवळपास १९ टक्के म्हणजे दोन कोटींच्या आसपास मतं घेतली. आणि इलेक्टोरल मतं, म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याची जी मतं शेवटी अध्यक्ष ठरवतात, ती किती? शून्य. कारण मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी सगळीकडे राज्यात जो पहिला त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी मतं, दुसऱ्या-तिसऱ्याला भोपळा. ५३८ पैकी २७० गाठायची असतात, सगळीकडे एकोणीस टक्के मिळवून तुम्ही कुठेच पहिले नसता.

आणि जिंकत नाही तो नाही, वर शिव्या पण खातो. २००० ला फ्लोरिडात धाकटा बुश ५३७ मतांनी जिंकला आणि ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरला तिथे ९७ हजारांवर मतं होती. मतं खाल्ली म्हणून त्याचा अजून उद्धार होतो. हा शब्द आपल्याला काही नवीन नाही, दर निकालाच्या संध्याकाळी आपल्याकडे कुणीतरी कुणाचीतरी मतं खाल्लेलीच असतात.

सिंहगडरोड_ट्रॅफिकमध्ये:
तिकडे नोटा नाही का?

बाणेर_रिटर्न:
फक्त नेवाडात, ते पण १९७६ पासून. २०२४ ला तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान) ट्रम्पचं नाव यादीत नव्हतं तर लोकांनी निकी हेलीला सोडून "यापैकी कोणी नाही"ला पहिलं आणलं. पण आपल्यासारखंच, नोटा पहिला आला तरी जिंकतो माणूसच. आपल्या लातूर ग्रामीणला २०१९ ला नोटा दुसऱ्या नंबरला होता, २७ हजारांच्या वर, काय फरक पडला?

पेठेतला_काका:
दोन दिवस बातमी आली. अजून काय पाहिजे.

डेटावाली_औंध:
एक गोष्ट राहिली. ताई एकट्या नाहीत, गॅलप या सर्व्हेवाल्या कंपनीच्या २०२४ च्या आकड्यात ४३ टक्के लोक स्वतःला अपक्ष म्हणवतात आणि दोन्ही पक्ष प्रत्येकी २८ वर. म्हणजे सगळ्यात मोठा पक्ष वैतागलेल्यांचा. पण त्यातले बहुतेक जण खोदून विचारलं की एका बाजूला कललेलेच निघतात आणि मतही तिकडेच देतात. @कोथरूडची_धाकटी ताईंच्या मतदार नोंदणीत कुठल्या पक्षाचं नाव आहे ते विचार आधी.

कोथरूडची_धाकटी:
विचारलं. तिने रागाच्या भरात पक्षाचं नावच काढून टाकलंय म्हणे, दोन वर्षं झाली. आणि मग २०२४ च्या एप्रिलमध्ये प्रायमरीला गेली तर टेबलावरच्या आजींनी यादी बघून गोड आवाजात सांगितलं की तुम्हाला उमेदवार निवडता येणार नाही. पार्किंगमधूनच परत. तेव्हापासून जास्तच तिडीक गेलीये.

डेटावाली_औंध:
तेच म्हणत होते. पेनसिल्वेनियात प्रायमरी बंद असते, ज्या पक्षात नाव त्याच पक्षाचे उमेदवार निवडता येतात. तिथे बऱ्याच मतदारसंघात नोव्हेंबरचा निकाल आधीच ठरलेला असतो, खरी मारामारी एप्रिल-मेमध्येच होते आणि तिथे मोजके, कट्टर लोक येतात. वैतागलेला माणूस नाव काढून घरी बसतो आणि मग म्हणतो उमेदवार असे कसे येतात. मला तरी वाटतं राग आला असेल तर नाव काढायचं नाही, उलट आत घुसायचं. मेन, अलास्कात पसंतीक्रमाने मत देता येतं, पहिल्या पसंतीचा बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीला जातं, म्हणून तिथे तिसऱ्या पक्षाला दिलेलं मत वाया जात नाही, पण २०२४ ला कोलोरॅडो, ओरेगॉन, आयडाहो सगळ्यांनी तो प्रकार मतदानात नाकारला आणि अलास्कातही हजारपेक्षा कमी मतांनी वाचला. त्यामुळे त्याची वाट बघत बसू नका.

बाणेर_रिटर्न:
+१. आमच्याकडे मिशिगनात नोंदणीत पक्षच लिहावा लागत नाही. २०२४ च्या डेमोक्रॅट प्रायमरीत गाझावरून चिडलेल्या लाखभर लोकांनी "अनकमिटेड"वर, म्हणजे यातल्या कुणालाच नाही यावर, खूण केली, मोजणीत तो आकडा दिसला तरी. घरी बसलेल्याचा राग कुठल्याच रकान्यात येत नाही.

कोथरूडची_धाकटी:
ताईला फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. प्रायमरीच्या १५ दिवस आधीपर्यंत पक्ष बदलता येतो म्हणाली, फॉर्म ऑनलाइनच आहे. आता भावोजींशी वाद चालू आहे की कुठल्या पक्षात जायचं, शेवटी एकाने इकडे आणि एकाने तिकडे नाव घालायचं ठरतंय, म्हणजे पत्रकं आता दुप्पट येणार. आई म्हणते काटा मोठा घ्या.